दुसरी बादली

१

दीनाबाईंची पेटी अंगणात येऊन बराच वेळ झाला होता, पण ती उचलायला कोणी पुढे होत नव्हतं. पाळकसाहेब प्रार्थनेचं पुस्तक मिटून खुर्चीत बसले होते. निम्मं मोरदरा गाव कुंपणाला टेकून उभं होतं. आणि पेटीच्या उशाशी दीनाबाईंचा धाकटा भाऊ शलमोन असा पाय रोवून उभा होता, की त्याला ‘बाजूला हो’ म्हणायची पाळकांचीही छाती होत नव्हती.

उपनिरीक्षक पंकजा दरेकर जीपमधून उतरली, तशी त्याने तिच्याकडे बोट रोखलं.

“मॅडम, माज्या बहिनीला करंट देऊन मारलंय. मारनारी ती तिथं उभी हाय. तिला आधी गाडीत घाला, मग पेटी उचलू. तवर कुनी हात लावला तर गाठ माझ्याशी हाय.”

स्वयंपाकघराच्या दारात दीनाबाईंची सून सिल्व्हिया उभी होती. डोळे सुजलेले, ओठ घट्ट मिटलेले. तिने मान वर केली नाही. तिचा नवरा स्टीफन ओट्यावर डोकं धरून बसला होता; तो ना मामाकडे बघत होता ना बायकोकडे. सुप्याच्या कंपनीतला त्याचा पगार वाढला तेव्हा, दोन हिवाळ्यांपूर्वी, आईसाठी हौसेने गीझर त्यानेच आणला होता.

घडलं होतं ते एवढंच. आदल्या दिवशी रविवार. उपासनेच्या आधी घरातल्या सगळ्यांच्या अंघोळी उरकायची घाई. स्टीफन पहाटेच गाण्याच्या तयारीला चर्चमध्ये गेलेला. दीनाबाई न्हाणीघरात गेल्या आणि बाहेर आल्याच नाहीत. सिल्व्हियाने हाका मारल्या. उत्तर आलं नाही, तेव्हा तिने बाहेरच्या भिंतीवरचं गीझरचं बटण बंद केलं आणि दार ढकललं. मागून सासरे आले, तर ‘दादा, आत येऊ नका’ म्हणून तिने त्यांना उंबऱ्यातच अडवलं. शेजारणींनी दीनाबाईंना चादरीत गुंडाळून बाहेर आणलं. तोवर सगळं आटोपलं होतं.

“शनवारी मी इथंच व्हतो,” शलमोन म्हणाला. “नाताळ जवळ आला म्हनून बहिनीकडं आल्तो. ही तिच्या तोंडावर म्हनली, ‘हा गीझर एक दिस कुनाचा तरी जीव घ्येनार.’ ह्या कानांनी ऐकलं. आन् दुसऱ्या दिशी जीव गेला!”

“बोलण्यात माणसं काहीही बोलतात,” पंकजा म्हणाली.

“बोलतात. पर माझी बहीन त्या डब्याला लई भ्यायची. बटन बंद केल्याबिगर आत पाऊल टाकत नव्हती, समद्या गावाला ठाव हाय. मग ती आत असताना बटन चालू कसं? आपसूक लागतंय व्हय? कुनीतरी भायेरून लावलं, मॅडम.”

पंकजाने मनाशी कबूल केलं, की इतक्या आरडाओरड्यात हा एक प्रश्न मात्र खरा होता.

२

न्हाणीघर अंगणाच्या कडेला होतं. लाईट कालपासून मीटरवरच बंद केलेली, आणि भीतीने कोणी तिकडे फिरकलं नव्हतं. रडणाऱ्या माणसांसमोर आपले हात कुठे ठेवावेत हे पंकजाला नोकरीच्या इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. वस्तूंमध्ये तिला बरं वाटायचं. वस्तूंना समजूत घालावी लागत नाही.

भिंतीवर पांढरा गोल गीझर. आकाराने बेताचा, एका माणसाच्या अंघोळीपुरता. त्याच्यापासून खाली लोखंडी नळी, नळीच्या टोकाला पितळी नळ. एक प्लास्टिकची निळी बादली रिकामी, कोपऱ्यात पालथी घातलेली. आणि नळाखाली दुसरी बादली, मोठी, जस्ताची. तिच्यात चारएक बोटं पाणी. बादलीशेजारी पाट मांडलेला, खुंटीवर सुका टॉवेल.

काल आलेल्या हवालदाराने मोबाईलवर फोटो काढून ठेवले होते. पंकजाने ते पुन्हा पाहिले. दीनाबाईंच्या अंगावर उपासनेला नेसायची जांभळ्या काठाची साडी होती, निऱ्या नीट, पदराला पिन. उजव्या तळव्यावर भाजल्याचा डाग.

म्हणजे बाईंची अंघोळ झाली होती. निळी बादली भरली, अंघोळ केली, बादली पालथी घातली, साडी नेसल्या. ती पहिली बादली भरताना याच नळाला हात लागला होता आणि काही झालं नव्हतं. तेव्हा बटण बंद होतं. नंतर कधीतरी ते चालू झालं, आणि मग बाईंनी पुन्हा नळाला हात लावला. शलमोन बरोबर बोलत होता. पण साडीबिडी नेसून तयार झालेली बाई पुन्हा नळाशी कशाला जाईल?

ती बाहेर आली. दारावर, कडीच्या जरा वर, पांढरा पंजा उमटला होता. बोटं लावून पाहिलं, मैदा. सिल्व्हिया काल सकाळपासून नाताळच्या करंज्यांचं पीठ मळत होती, हे तिने काल हवालदाराला सांगितलं होतं. त्या हातांनीच दार ढकललं असणार.

शेजारी गीझरचं बटण. खालचं टोक दाबलं की चालू, वरचं दाबलं की बंद. वरच्या टोकावर मैद्याचा अंगठा स्पष्ट उमटला होता. खालचं टोक काळंभोर, स्वच्छ. पंकजा त्या एवढ्याशा बटणाकडे बराच वेळ बघत राहिली.

मागे पावलं वाजली. सिल्व्हिया आली होती.

“मॅडम,” ती म्हणाली, “बटन मी लावलं.”

३

पंकजाने तिला स्वयंपाकघरात नेलं. परातीत कालचं पीठ तसंच पडलं होतं, वरून वाळून तडे गेलेलं. सारणाच्या डब्याला मुंग्या लागल्या होत्या.

“कशाला लावलंस?”

“माझी अंघोळ राहिली हुती. पानी तापावं म्हनून.”

“आई आत आहेत हे माहीत होतं?”

“व्हय.”

“काल तर हवालदाराला म्हणालीस, कुणी लावलं ठाऊक नाही.”

“काल भ्याले हुते.”

खोटं बोलणारी माणसं पंकजाने पुष्कळ पाहिली होती. सगळी स्वतःला वाचवण्यासाठी बोलत. स्वतःला अडकवण्यासाठी खोटं बोलणारी ही पहिलीच. कारण पीठ मळायच्या आधी सिल्व्हियाची अंघोळ झालेली होती, हे शेजारणीने काल हवालदाराला सांगितलं होतं. सिल्व्हियाला अंगणात केस वाळवताना तिने पाहिलं होतं. पण पंकजा ते बोलली नाही. अडकू पाहणाऱ्या माणसाला सोडवायची घाई केली, की ते आणखी घट्ट अडकतं.

“शनिवारी सासूबाईंना काय म्हणालीस?”

“खरंच म्हनले मी तसं. शुक्रवारी नळाला हात लावला तर झिनझिन्या आल्या. बटन बंद करायची इसरले हुते; झटक्यानं हात मागं घेतला. आईंना म्हनलं, काढून टाकू हा डबा, परत बंब पेटवू. तर म्हनल्या, लेकानं हौसेनं आनलाय, त्याला वाईट वाटंल.” तिने डोळे पुसले. “बंब हुता तवा खालून दोन लाकडं सारली की घरादाराचं भागायचं. हा एकाची अंघोळ झाली की गार पडतो. मग परत तापायची वाट बघा, तवर लाईट जाती. बिल येतं ते निराळंच. आन् आमच्या बोअरचं पानी लई जड, मॅडम. चहाच्या पातेल्याला चुन्यागत थर धरतोय. त्या डब्यात किती धरला असंल कोन जाने.”

“याआधी काही त्रास?”

“दिवाळीत फ्यूज उडायचा. गीझर लावला की घर अंधारात. कल्याणला, ज्यानं गीझर बसवला त्याला, फोन केला. तो येतो येतो म्हनला. मग आपोआपच थांबलं उडायचं. आई म्हनल्या, देवानंच नीट केलं.”

“आपोआप? कधीपासून?”

“दिवाळी झाली, त्याच्यामागनं.”

पंकजाने हवालदाराला कल्याणला बोलवायला पाठवलं. तो थोड्याच वेळात धापा टाकत परतला.

“कल्याण घरी न्हाई, मॅडम. फोन कालपासून बंद. पण ह्याच घराच्या मागं कुणीतरी खांदतंय!”

४

घरामागे कल्याण गुडघ्यांवर बसून हातातल्या पहारीने जमीन उकरत होता. पंकजाला बघताच त्याने पहार टाकली.

“पुरावा गाडतोस की उकरतोस?” तिने विचारलं.

“पळायचं असतं तर पुन्याला गेलो असतो.” तिशीचा माणूस, पण आवाज पार बसलेला. “रातभर डोळा न्हाई. मला बघायचं हुतं, माझ्या हातानं काय चुकलं ते.”

तो गीझरच्या अर्थिंगचा खड्डा होता. गीझरमधल्या कॉइलची वीज बाहेरच्या पत्र्यात उतरली, तर माणसाच्या अंगातून न जाता तिने या खड्ड्यातून जमिनीत जावं, म्हणून तांब्याची पट्टी, मीठ आणि कोळसा घालून तो भरलेला. खड्ड्यातली माती ओली असेल तरच वीज तिथून वाट काढते. आता तिथे मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. कडेने अळूचे देठ वाळून काड्या होऊन पडले होते.

“इथं अळू होतं?”

“ह्ये मोठं! मोरीचं सांडपानी हितंच यायचं. म्हनून तर मी खड्डा हितं घेतला. लोकं अर्थिंगला पानी घालायला इसरत्यात. म्हनलं, रोज धुनंभांडी हुत्यात, खड्डा कायम वला ऱ्हाईल.” त्याने मोरीच्या तोंडाकडे हात केला. तिथे नवी प्लास्टिकची नळी बसवली होती, आणि ती जमिनीखालून लांब, घराला वळसा घेऊन समोरच्या लिंबाच्या झाडापर्यंत गेली होती. “ह्ये कुनी केलं, मला म्हाईत न्हाई. मला कुनी सांगितलं न्हाई.”

ते कुणी केलं हे पंकजाला येतानाच दिसलं होतं. वेशीवर मोठा फलक होता: सांडपाण्याचा थेंब वाया जाऊ देणार नाही. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत हा ठराव झाला, मोरीचं पाणी झाडाला नाहीतर शोषखड्ड्याला गेलंच पाहिजे. हिवरे बाजार करू शकतो तर मोरदरा का नाही, असं ठणकावून सांगणारा माणूस म्हणजे या घराचे कर्ते, याकोब उजागरे गुरुजी. दीनाबाईंचे पती. गावातली पहिली मोरी त्यांनी स्वतःची वळवली.

पंकजा भेगाळलेल्या मातीपाशी उभी राहिली आणि मनात एकेक गोष्ट लावत गेली. जड पाण्याने कॉइलवर थर चढला, कॉइल फुटली. वीज पत्र्यात उतरू लागली, पण खड्डा ओला होता, म्हणून ती जमिनीत जायची आणि फ्यूज उडायचा. गीझर दर वेळी ओरडून सांगत होता, की मी बिघडलोय. मग मोरी वळली. खड्डा वाळत गेला. विजेला वाट उरली नाही, फ्यूज उडायचा थांबला, आणि घराला वाटलं, देवाने नीट केलं.

“फ्यूजचा फोन आला तेव्हा तू का आला नाहीस?”

कल्याणने मान खाली घातली. “दिवाळीच्या लायटिंगची कामं हुती. नंतर त्यांनीच कळवलं, आता उडत न्हाई. बरं झालं म्हनलो. आन् गळतीचं ब्रेकर लावायला पायजे हुतं मी. ते असतं तर वीज तिथंच तुटली असती. लोकं म्हनत्यात, कशाला ते, आन् आमी पन आग्रह धरत न्हाई.”

हा खून नव्हता. खड्डा वाळेल, हे या घरात कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, त्यामुळे बटण दाबून माणूस मरेल हे कुणाला माहीत असणं शक्यच नव्हतं. पण शलमोनच्या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळत नव्हतं. बटण कुणीतरी लावलंच होतं.

पंकजाला एकदम तिचं स्वतःचं घर आठवलं. लहान गीझर, माणसं चार. तिच्याकडे पद्धत अशी: बटण बंद करून आत जायचं, आपली बादली भरून घ्यायची आणि आतून आवाज द्यायचा, ‘लावा गं बटण!’ म्हणजे आपली अंघोळ होईपर्यंत पुढच्याचं पाणी तापतं. पुढचा येतो, बटण बंद करतो, मग नळ सोडतो. घरोघरी हेच.

दीनाबाईंनीही आवाज दिला असणार. आणि दिला असणार तो ज्याची अंघोळ राहिली होती त्याला. स्टीफन चर्चमध्ये, सिल्व्हियाची अंघोळ उरकलेली. शलमोन नदीवर जातो, ते त्यानेच सांगितलं होतं. मग कोण राहिलं?

घरासमोरच्या लिंबाखाली एक माणूस कालपासून एकाच खुर्चीत बसला होता. अंगावर कालचेच कपडे, गालांवर पांढरे खुंट. कालपासून त्याच्या तोंडून शब्द निघाला नव्हता.

५

“तू बटण लावलं नाहीस,” पंकजा स्वयंपाकघरात परत येऊन म्हणाली. “तुझे हात पिठाचे होते. बंद करताना वरच्या टोकाला मैदा लागला, दार ढकलताना दाराला लागला. चालू करायचं टोक कोरं आहे. ते ज्याने दाबलं त्याचे हात स्वच्छ होते.”

सिल्व्हिया खाली बसली.

“गुरुजींनी लावलं ना?”

“आईंनीच सांगितलं,” ती कुजबुजली. “आतनं आवाज दिला, ‘अहो, लावा बटन’. रोज द्यायच्या तसाच. दादा उठले, बटन लावून परत जाग्यावर जाऊन बसले. मी हितनं बघितलं. दोन हिवाळे झाले, रोज हेच चाललंय. कधी काय झालं न्हाई.”

“कारण बटण लागल्यावर नळाला सहसा कुणी हातच लावत नव्हतं. मग काल त्यांनी का लावला? साडी नेसून झाली होती त्यांची. ती जस्ताची बादली कुणाची?”

सिल्व्हियाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोटांच्या मधून शब्द आले.

“दादांची. शुक्रवारी नाताळची चांदनी लावायला बांबू उभा करत हुते, तर कंबरंत उसन भरली. वाकता येईना. आई मला म्हनल्या, ‘त्यांना सांगू नको, मानी मानूस हाय, नको म्हनंल. निघताना मीच त्यांची बादली भरून ठेवीन, पाट मांडीन. त्यांना वाटंल तू भरली.’ बटन बंद करायला आवाज दिला असता तर दादांना कळलं असतं, म्हनून तशाच नळाला हात लावला असंल.”

बाहेर कोणीतरी खोकलं. अंगणातली कुजबुज मधूनच वाढत होती, मधूनच बसत होती. पंकजाने पातेल्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि तिच्यापुढे धरलं. तिने घेतलं नाही.

“मॅडम, मी लावलं म्हनूनच लिवा. मला न्या. स्टीफनला मी समजावीन. दादांना हे कळलं तर ते जगायचे न्हाईत. आई गेल्या, आता त्यांना पन घालवू का?”

“आणि तू? सासूला मारलं म्हणून आयुष्यभर फिरशील?”

“मी तरुण हाय. सोशीन.”

पंकजाला राग आला. त्या पोरीचा नव्हे. कशाचा ते तिला नीट सांगता आलं नसतं. “तू असं काही करायचं नाहीस,” ती जरा जोरातच म्हणाली. “आणि मी तुला करू देणार नाही. मी अपघात लिहीन. बटण कुणी लावलं हे लोकांना सांगायची गरज नाही.”

“मग मामा पेटी उचलू देतील?” सिल्व्हियानेही आवाज चढवला. “ते विचारतील, बटन कुनी लावलं! तुमी काय सांगनार? मी लावलं म्हना! मी लावलं म्हना, मॅडम!”

खिडकी उघडी होती. अंगणातली कुजबुज एकदम थांबली, आणि खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

६

याकोब गुरुजी कमरेवर हात ठेवून, पाऊल ओढत पेटीपर्यंत आले. शलमोन पुढे झाला तर त्यांनी त्याला हातानेच थांबवलं. भरल्या वर्गाला उजळणी शिकवावी असा त्यांचा आवाज एके काळी होता. आता तो जेमतेम कुंपणापर्यंत पोचला.

“शलमोन, बटण मी लावलं.”

“दाजी, तुमी कशाला...”

“ऐक. तुझ्या बहिणीने आवाज दिला, मी लावलं. मला माझ्या अंघोळीला ऊन पाणी पाहिजे होतं. ही पोर काल बोलली नाही माझ्यासाठी. आज खोटं बोलली तीही माझ्यासाठी. आणि मी इथे बसून ऐकत होतो.” “कल्याण काय म्हणाला तेही कानावर आलं माझ्या. मोरी वळवली तीही मीच. भाषण केलं होतं मी त्यावर. दीना म्हणाली होती, ‘अळू मरेल हो’. मी तिला हसलो.”

स्टीफन ओट्यावरून उठून वडिलांजवळ आला, त्याला काही बोलायचं होतं, पण हुंदका आधी फुटला. “गीझर मी आनला, दादा,” एवढंच तो म्हणू शकला.

पंकजाने पुढे होऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं: कॉइल फुटली, खड्डा वाळला, आणि बटण लावणाऱ्याला यातलं काही माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. घरोघरी बटणं अशीच लावली जातात. अपघात आहे, तसंच लिहिलं जाईल, कोणालाही गाडीत घातलं जाणार नाही.

कालपासून शलमोनने रागाच्या आधाराने दुःख तोलून धरलं होतं. आता राग काढायला माणूसच उरला नाही. तो पेटीवर दोन्ही हात टेकून वाकला आणि मोठ्याने रडू लागला. रडता रडता त्याने वर पाहिलं. सिल्व्हिया दारात आली होती.

“पोरी,” तो म्हणाला, “मी लई वंगाळ बोललो तुला.”

“आसू द्या, मामा,” ती म्हणाली.

गुरुजींनी मात्र पंकजाला खुणेने बाजूला बोलावलं. लिंबाखाली दोघंच. त्यांचे डोळे कोरडे होते, आणि तेच तिला जास्त जड गेलं.

“बाई, एक विचारू? मला न्हाणीघरात जाऊ दिलं नाही कुणी. मी पाहिलं नाही काही. पण विचार करतोय कालपासून. तिचं एका बादलीत भागायचं. ती भरून घेतल्यावरच बटण लावायला सांगायची. मग बटण लागल्यावर तिने नळाला हात का लावला?”

पंकजाने त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात सिल्व्हिया जीव मुठीत धरून उभी होती. बटण या माणसाने सोसलं होतं. मोरीही सोसली होती. आणखी किती?

कागदावर पंकजाने कधी खोटं लिहिलं नव्हतं, आणि तोंडी खोटं बोलायची तिला सवय नव्हती. तिला आपले हात कुठे ठेवावेत तेही कळेना.

“केस धुवायचे असतील, गुरुजी,” ती म्हणाली. “रविवार होता ना. पाणी कमी पडलं असेल.”

गुरुजी हळू आवाजात म्हणाले,

“केस ती शनिवारी धुवायची. रविवारी वाळायला वेळ मिळत नाही म्हणून.”

पंकजाने मान खाली घातली. गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं, मग दारातल्या सुनेकडे पाहिलं. सिल्व्हियाने घाईघाईने पदराने तोंड पुसलं. त्यांची नजर तिथेच बराच वेळ थांबली.

“असेल,” ते म्हणाले. “या वेळी राहिले असतील धुवायचे. तुम्ही म्हणता तर असेल, बाई.”

मग ते वळले. कमरेत कळ आली तशी दोन्ही डोळे मिटून उभे राहिले. स्टीफनने आधाराला हात पुढे केला तर त्यांनी तो घेतला नाही, आणि पेटीपाशी जाऊन म्हणाले,

“चल शलमोन, उचल. उशीर झाला तिला.”